चौथा ठोका

कोल्हापूर. ऑपरेशनच्या आदली संध्याकाळ. कागलकडच्या काकू पित्ताशयातल्या खड्यांसाठी दाखल झाल्यात. भूलतज्ज्ञ खुर्ची ओढून शेजारी बसतात.

"काकू, एका दमात आकडे म्हणा बघू."

पंधराच्या पुढं काकूंचा आवाज नाकात जातो. डावी पापणी निम्म्यावर आलीय.

"सकाळी एवढं नसतंय वो. दिस कलला की डोळाच मिटतोय."

काकूंना मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. नस स्नायूला निरोप देते तो असिटिलकोलिन या रसायनातून. तो झेलणारे स्नायूवरचे रिसेप्टर काकूंच्याच शरीरातल्या अँटिबॉडी निकामी करतात.

भूल म्हटलं की आपल्याला झोपेचं इंजेक्शन आठवतं. इथं जास्त धास्ती आहे ती स्नायू सैल करणाऱ्या औषधाची. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम ही तसली औषधं याच रिसेप्टरवर बसतात. चारचौघांना लागणारा डोस काकूंना फार होतो. सक्सिनिलकोलिन या स्नायू सैल करणाऱ्याच दुसऱ्या औषधाचं मात्र उलटं, ते नेहमीच्या डोसला पुरत नाही.

सकाळी थिएटरमध्ये काकूंच्या मनगटापाशी दोन इलेक्ट्रोड चिकटवलेत. मशीन अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं चार झटके देतं आणि अंगठा हलतो. आधी चार वेळा. मग औषध चढतं, तसा चौथा ठोका दिसेनासा होतो, पाठोपाठ तिसरा.

ऑपरेशन उरकलं तरी डॉक्टरांची नजर अंगठ्यावरच. चौथा ठोका पहिल्याच्या निदान 90 टक्के भरल्याशिवाय श्वासाची नळी काढायची नाही. पेशंटनं डोळे उघडले, मान उचलली, एवढ्यावर इथं भागत नाही.

औषध उतरवायला एरवी निओस्टिग्मिन देतात. पण काकूंची मायस्थेनियासाठीची रोजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच जातीची, दोन्ही असिटिलकोलिन टिकवून धरतात. दोन्ही मिळून जास्त झालं, तर लाळ सुटते, छाती भरते आणि अशक्तपणा उलट वाढतो. म्हणून डॉक्टरांनी रोक्युरोनियम निवडलं होतं. त्याच्या रेणूला वेढून टाकणारं सुगामॅडेक्स हाताशी आहे. महाग आहे, खरं. पण व्हेंटिलेटरचा एक दिवस तरी कुठं स्वस्तात पडतो?

नळी निघते. तरीही आजची रात्र आयसीयूतच. खोकला जोरात येतोय का, पाणी गिळताना ठसका लागतोय का, हे सिस्टर बघत राहणार.

डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टर लाल पेनानं वर लिहितात: जेंटामायसिन (अँटिबायोटिक), मॅग्नेशियम टाळा. दोन्हींनी नसेचा निरोप आणखी क्षीण होतो. उद्या गावात ताप आला, तर इंजेक्शन भरणारे डॉक्टर वेगळे असणार.