अष्टमीच्या चंद्रावरची सावली

(दृश्य : काळोखातली मोकळी जागा. तिवईवर दुर्बीण. वर अर्धा चंद्र.)

चंद्र बघायला पौर्णिमा नको. खगोलशास्त्राच्या वर्गात नव्यानं आलेल्यांना हे लवकर पटत नाही. पण पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश चंद्रावर जवळजवळ समोरून पडतो. सावल्या नाहीशा होतात, आणि डोंगर, कडे, खड्डे सगळं सपाट दिसू लागतं. नेत्रिकेत, म्हणजे दुर्बिणीच्या ज्या भिंगाला डोळा लावतो त्यात, उरतो तो डोळे दिपवणारा पांढरा गोळा.

म्हणून हा वर्ग भरलाय शुद्ध अष्टमीला. अर्धा चंद्र उजेडात, अर्धा काळोखात. या दोहोंमधली सीमारेषा म्हणजे टर्मिनेटर. आपल्याला बघायचं आहे ते सगळं तिच्या काठावर, कारण तिथे आत्ता सूर्य उगवतोय.

(दृश्य : नळीच्या आतला आरसा.)

ही परावर्तक दुर्बीण. न्यूटननं १६६८ साली पहिली बनवली, तिच्यातला आरसा धातूचा होता. आजचा काचेचा आहे, रचना मात्र तीच. तळाचा अंतर्वक्र आरसा प्रकाश गोळा करतो, वरचा छोटा तिरपा आरसा तो बाजूच्या नेत्रिकेकडे वळवतो. चित्र उलटं दिसतं. चंद्राच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नाही.

“किती पट मोठं दिसतं?” हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच. आरशाचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, नेत्रिकेचं २५, भागाकार ४८. नेत्रिका १० मिलिमीटरची लावली की १२० पट. पण खरं महत्त्व आरशाच्या व्यासाला आणि हवेच्या स्थिरतेला. दीडशे मिलिमीटरच्या आरशातून, हवा शांत असताना, चंद्रावरची साधारण दीड किलोमीटरची वस्तू ओळखता येते. अपोलोच्या यानाचे अवशेष यातून दिसणार नाहीत. ते मागितलं की मुलं हिरमुसतात, आणि मी त्यांना घाईनं टर्मिनेटरकडे वळवतो.

(दृश्य : एक मुलगी नेत्रिकेला डोळा लावते.)

आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसतात. मग तोल सावरायला ती नळीला हात लावते आणि चंद्र थरथरू लागतो. हात मागे घेतल्यावर चित्र थांबतं. थांबतं म्हणजे सरकतच असतं: पृथ्वी फिरतेय, म्हणून १२० पटीला दोन मिनिटांच्या आत सगळं दृश्य नजरेआड जातं.

आता दिसते तीन विवरांची माळ : टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल. ही नावं इटालियन खगोलशास्त्रज्ञ रिचोलीच्या १६५१ च्या चंद्र-नकाशातली. एक प्राचीन काळातला ज्योतिर्विद, एक कॅस्टीलचा राजा, आणि तिसरा अकराव्या शतकातला अंदालुसियाचा अल-झरकाली. आकाश मोजणारी माणसं शतकांची अंतरं ओलांडून अशी शेजारी बसलेली बघायला मला फार आवडतं. टॉलेमियस सुमारे दीडशे किलोमीटर रुंद, तळ जवळजवळ सपाट. आर्झाकेलच्या मध्यभागी मात्र डोंगर आहे. तळ अजून काळोखात असताना त्याचं शिखर उन्हात येतं, आणि काळ्या वाटीत एक ठिपका चमकतो.

असेच ठिपके गॅलिलिओनं १६०९ च्या अखेरीस पाहिले. त्याच्या काही महिने आधी इंग्लंडमधल्या थॉमस हॅरियट या गणितज्ञानंही दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्र काढलं होतं. त्यात सीमारेषा वेडीवाकडी आहे, डोंगर मात्र नाहीत. गॅलिलिओला चित्रकलेची जाण होती. उजेड-सावलीवरून उंची-खोली वाचता येत होती. शिवाय त्यानं गणित मांडलं. ठिपका सीमारेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाइतका आत काळोखात असेल, तर तिथवर सूर्यकिरण पोचायला शिखर किती उंच हवं? उत्तर पायथागोरसच्या काटकोन त्रिकोणात मिळतं. हा त्रिकोण शाळेत सगळ्यांनीच काढलेला असतो.

(दृश्य : वहीवर पेन्सिल.)

आता मुलगी चित्र काढतेय. काळं भरत जाते, मध्ये तीळभर जागा कोरी सोडते. चंद्राच्या विषुववृत्तावर ही सीमारेषा ताशी सुमारे पंधरा किलोमीटर सरकते, सायकलच्या वेगानं.

तासाभरानं ती पुन्हा डोळा लावते. ठिपका लांबट झालाय, आणि त्याच्या खाली आणखी एक उगवलाय, मघाशी नव्हता तिथे. ती आधीच्या चित्राला हात लावत नाही. पान उलटते, कोपऱ्यात वेळ लिहिते, आणि पुन्हा पहिल्यापासून काळं भरू लागते.