डोहाळजेवणाचा कॉर्साज: तिच्या मनगटावर अबोलीच का?

नमस्कार मंडळी! आज वेंगुर्ल्याच्या घरी, पडवीतच बसलेय. मागून घरघर ऐकू येतेय ना, तो मिक्सर. आत वाटप चाललंय, सांभाळून घ्या.

कॉर्साज म्हणजे मनगटाला बांधायचा नाहीतर खांद्यावर टाचायचा फुलांचा लहानसा गुच्छ. शब्द फ्रेंच आहे. मुळात तो बायकांच्या पोशाखाच्या वरच्या भागाचा, मग तिथे लावायच्या फुलांनाच ते नाव पडलं. आपण डोहाळजेवणाला फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा करतोच की! बाजूबंद दंडावरून मनगटावर उतरला, एवढंच समजा. आमच्या काकीने पहिला कॉर्साज बघून विचारलं होतं, "ह्या काय गो? घड्याळ?"

तो पहिला मी वहिनीसाठी केला होता, मोगऱ्याचा. कळ्या गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवल्या. ओटी भरेपर्यंत पाकळ्या तपकिरी पडल्या, आणि वहिनीने तो त्याआधीच काढून ताटात ठेवला होता. वास डोक्यात गेला म्हणाली. दिवस गेलेल्या बाईला एरवी आवडणारा वाससुद्धा नकोसा होऊ शकतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. तेव्हापासून जिचं डोहाळजेवण, तिच्यासाठी अबोलीच. अबोलीला वास नाही, वजन नाही, आणि मोगऱ्यासारखी ती लगेच मान टाकत नाही. शिवाय परसात असते, विकत कशाला आणायची?

(अबोलीची परडी जवळ घेत) हे बघा. कणसातून फूल अलगद ओढलं की खाली ही लांब, बारीक नळी येते. दोन फुलं इकडे तोंड करून, दोन तिकडे, नळ्या मधोमध एकमेकींवर. वरून दोऱ्याचा वेढा, गाठ, की पुढची चार. दोरा केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीचा, भिजवलेला. शिवणाचा दोरा जरा जोरात ओढलात तर नळी कापते. सोपट रुंद आणि मऊ, शिवाय ओल धरून ठेवतं. असा वीतभर वळेसार, म्हणजे गजरा, करायचा. हात बसेपर्यंत गाठी सुटतील, सुटू देत.

आता बूड. जाड कापडाचा लंबगोल तुकडा, साधारण 8 सेंटीमीटर लांब. जुन्या साडीचा काठ दुहेरी करून घेतलात तर छानच दिसतो. त्यावर वळेसार चकलीसारखा फिरवत न्यायचा आणि खालून टाके घालायचे. सुई सोपटातून जाऊ दे, फुलातून नको.

मध्ये एखादा बटन गुलाब हवा असेल तर त्याला तार लागते. पाकळ्यांखालच्या हिरव्या गाठीतून तार आरपार काढा, दोन्ही टोकं खाली वळवा, वरून फुलांची हिरवी टेप गुंडाळा. ही टेप चिकटत नाही अशी तक्रार सगळेच करतात. अहो, ती ताणल्याशिवाय चिकटतच नाही! ताणली की तिच्यातलं मेण मोकळं होतं. तारेचं टोक मात्र टेपमध्ये पूर्ण झाका, मनगटाला टोचता कामा नये.

इलास्टिक अजिबात नको. सातव्या महिन्यात कितीतरी जणींच्या हातापायांवर सूज असते. सकाळी सैल वाटलेलं दुपारी रुतेल. दोन्ही बाजूंना साटिनची रिबिन शिवा आणि सुटेल अशी गाठ मारा.

ओटी भरणाऱ्यांसाठी काय हवं ते करा: मोगरा, सोनचाफा, फेब्रुवारी-मार्चात असाल तर सुरंगी. रेशमी साडीला पिन लावून भोकं पाडू नका. पदराची पिन असतेच, तिच्यातच अडकवा.

हे सगळं त्याच दिवशी सकाळी करायचं. आदल्या रात्रीच करावं लागलं तर केळीच्या पानात गुंडाळा, वरून ओलं फडकं घट्ट पिळून टाका. फ्रीजमध्ये ठेवलात तर मागच्या भिंतीला टेकू देऊ नका, तिथे पाकळ्या गोठून पारदर्शक होतात. आणि बकुळीचे केले असतील तर संध्याकाळी कोणाला टाकू देऊ नका. गोळा करून साड्यांच्या घडीत ठेवा, सुकल्यावरही वास राहतो.

चला, काकी हाक मारतेय. नारळ खवायचा राहिलाय.