नारळाचा दिवस

(पडद्यावर: जुनं चित्रीकरण. सभागृहाचा सज्जा, हिरव्या कपड्यांतला घोळका.)

17 एप्रिल 1999. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. व्यासपीठावरून नाव पुकारलं जातं, डॉनोव्हन मॅक्नॅब, आणि सज्जातून हुर्यो सुरू होते. हुर्यो उडवणारे विरोधी संघाचे असते तर नवल नव्हतं. पण हे आहेत फिलाडेल्फिया ईगल्सचेच चाहते, आणि मॅक्नॅबला निवडलंय ईगल्सनेच! रेडिओवरच्या एका निवेदकाने बस करून या तीसेक जणांना इथवर आणलंय. त्यांना हवा होता रिकी विल्यम्स, टेक्सस विद्यापीठाचा, चेंडू काखेत मारून पळणारा. फिलाडेल्फियाच्या महापौरांनाही तोच हवा होता.

हा अमेरिकन फुटबॉल. नावात पाय असला तरी खेळ हाताचा. आयपीएलमध्ये बोली लागते. इथल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या सोहळ्यात, बोलीच नाही. गेल्या हंगामात जो संघ तळाला, त्याला पहिली निवड. सात राउंड, बत्तीस संघ. पैसा बोलत नाही म्हटल्यावर बोलायला उरतात चाहते.

मॅक्नॅबने पुढे पाच वेळा संघाला सुपर बोलच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यावर नेलं. एकदा तो उंबरठा ओलांडला, 2005 मध्ये, आणि सामना 24-21 असा हातून गेला. 2013 मध्ये संघाने त्याची 5 नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

पण म्हणून चाहत्यांना अक्कल नाही, असंही म्हणता येत नाही. 2020 चा ड्राफ्ट घ्या. करोनामुळे सगळा कारभार घरूनच. एकविसावी निवड ईगल्सची. कितीतरी चाहत्यांच्या तोंडी एकच नाव, जस्टिन जेफरसन. संघाने घेतला जेलन रेगर. लगेच बाविसाव्या निवडीत मिनेसोटा व्हायकिंग्जने जेफरसनला उचललं. दोन वर्षांनी जेफरसनने एका हंगामात चेंडू झेलून 1,809 यार्ड कमावले, आणि ईगल्सनी रेगरला देऊन टाकलं... व्हायकिंग्जलाच. फिलाडेल्फियात हा विषय अजून जपून काढावा लागतो.

त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी, त्रेपन्नाव्या निवडीत, जेलन हर्ट्स. पुन्हा आरडाओरडा: आदल्याच वर्षी कार्सन वेंट्झशी 12 कोटी 80 लाख डॉलरचा करार केलाय, मग दुसरा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, कशाला? फेब्रुवारी 2025 मध्ये ईगल्सनी सुपर बोल जिंकला. सामनावीर हर्ट्स.

(पडद्यावर: रिकामा लॉकर, जमिनीवर एक बॅग.)

ड्राफ्टला दिवे असतात, कॅमेरे असतात. ऑगस्टच्या शेवटी येतो नारळाचा दिवस. सरावाला नव्वद जण, ठेवायचे त्रेपन्न. बत्तीस संघांचे मिळून जवळपास बाराशे जण एका फटक्यात बाहेर. पूर्वी एक माणूस हलकेच दारात यायचा: कोच बोलावताहेत, प्लेबुक (संघाच्या चालींची वही) घेऊन ये. खेळाडू त्याला 'टर्क' म्हणत. प्लेबुक परत मागितलं, की कळायचं. काहींना सोळा जणांच्या सराव-पथकात जागा मिळते. बाकीचे घरी.

आणि चाहत्यांचा खरा वाद मला इथे ऐकावासा वाटतो. रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, पाच ठेवायचे की सहा? तिसरा क्वार्टरबॅक हवाच कशाला? ड्राफ्टच्या वेळी बहुतेक जण ऐकीव माहितीवर भांडतात. ऑगस्टमध्ये त्यांनी सरावाचे सामने स्वतः पाहिलेले असतात, आणि त्यात एखाद्या बिननावाच्या पोरावर जीव जडलेला असतो.

2017 चा असा पोरगा कोरी क्लेमेंट, नदीपलीकडच्या न्यू जर्सीतला. सातही राउंडमध्ये त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो त्रेपन्नांत राहिला. ट्रे बर्टनही तीन वर्षांपूर्वी असाच आत आलेला.

4 फेब्रुवारी 2018, सुपर बोल. मध्यंतराला 38 सेकंद. गोलरेषा एका यार्डावर, शेवटचा प्रयत्न. क्वार्टरबॅक निक फोल्स, मूळचा राखीव, सहकाऱ्यांशी बोलण्याच्या निमित्ताने बाजूला सरकतो. जेसन केल्सी, ड्राफ्टमधला 191 वा, चेंडू थेट क्लेमेंटकडे सोडतो. क्लेमेंट तो पळत्या बर्टनच्या हातात देतो. बर्टन फेकतो. समोर फोल्स एकटाच उभा, आसपास कुणी नाही.

ईगल्स 41-33 ने जिंकले, शहराचा पहिला सुपर बोल.

(पडद्यावर: स्टेडियमबाहेरचा पुतळा.)

त्याच वर्षी त्या चालीचा पुतळा उभा राहिला. त्यात दोघे आहेत, कोच डग पीडरसन आणि फोल्स. क्लेमेंट आणि बर्टन त्यात नाहीत.