गव्हाणीपासून टाकीपर्यंत

(दृश्य : पहाट. वजनकाट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग.)

कृष्णाकाठचा हा सहकारी साखर कारखाना. गळीत हंगाम भरात आलाय. रात्रभर नंबर लावून थांबलेला हा ऊस आता काट्यावर जाईल, तिथून गव्हाणीत, म्हणजे ऊस ओतायच्या मोठ्या खाचेत. त्याची साखर होईल, ती सगळ्यांना ठाऊक आहे. आपण मात्र आज साखरेनंतर उरणाऱ्या मळीच्या मागे जाणार आहोत, कारण तिच्यापासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल होतं.

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल परदेशातून येतं. आखातातून निघणाऱ्या जहाजांना होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडावी लागते. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, १९९० मध्ये इराकनं कुवेत बळकावला, २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं. दर वेळी भाव भडकले आणि आपली परकीय गंगाजळी आटली.

(दृश्य : फड. कोयता चालवणारी बाई, बांधावर झोळीत मूल. निवेदन नाही, फक्त तोडणीचे आवाज.)

(दृश्य : गव्हाण, चरकातून पडणारा रस, वाफ.)

उसाचे तुकडे होतात, चरकातून रस निघतो, चिपाड बॉयलरकडे जातं. कारखान्याची वाफ आणि वीज त्याच चिपाडावर. रस आटवून साखरेचे दाणे धरतात. दाणे वेगळे केले की खाली उरते ती काळी, दाट मळी. साखर काढून काढून शेवटी उरते ती सी-हेवी. बरीच साखर अंगात शिल्लक असतानाच बाजूला घेतलेली ती बी-हेवी. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं बी-हेवीपासून आणि थेट रसापासूनही इथेनॉल करायला वाट मोकळी केली, आणि खरा वेग तिथून आला.

(दृश्य : आसवनी, म्हणजे अल्कोहोल बनवायचा विभाग. फसफसणाऱ्या टाक्या, मग उंच मनोरे.)

मळीत पाणी आणि यीस्ट मिसळतात. टाकीत हा फेस दिसतोय ना, ते यीस्टचं काम. साखर खाऊन ते अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, बनवतं. मग हे मिश्रण या मनोऱ्यांमध्ये उकळतं आणि अल्कोहोलची वाफ वर चढते. पण कितीही उकळा, साधारण ९५ टक्क्यांच्या पुढे शुद्धता जात नाही. उरलेलं पाणी अल्कोहोलला सोडत नाही आणि पाणी राहिलं तर ते पेट्रोलपासून वेगळं होऊन गाडीच्या टाकीच्या तळाशी बसेल. म्हणून या शेवटच्या दोन टाक्या. आत खनिजाचे बारीक मणी आहेत. त्यांची छिद्रं इतकी सूक्ष्म, की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि इथेनॉलचा बाहेरच राहतो. इथून निघतं ते ९९ टक्क्यांहून शुद्ध इथेनॉल. तालुक्याच्या गावात, आपल्याच मुलांच्या हाताखाली हे चालतं, याचा अभिमान का वाटू नये?

(दृश्य : टँकर भरताना, सील लावताना.)

याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला, आणि उत्तर प्रदेशात बरेलीला, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची पहिली चाचणी झाली. २०१४ च्या सुमारास मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचलं. २० टक्क्यांसाठी आधी ठरवलेली मुदत होती २०३०.

याला मर्यादाही आहेत. उसाला पाणी फार लागतं, मराठवाड्यात तो प्रश्न टोकाचा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं. डिझेलची गरज यानं भागत नाही.

(दृश्य : हंगामात बंद असलेला आसवनी विभाग, रिकामा लोडिंग बे.)

७ डिसेंबर २०२३. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल या भीतीनं केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला ऐन हंगामात बंदी घातली. आठवडाभरात ती सैल झाली, पण १७ लाख टन साखर होईल इतकाच रस आणि बी-हेवी मळी वापरायच्या मर्यादेत. कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांचं आणि त्यांच्या सभासदांचं गणित एका आदेशानं विस्कटलं. तेलाच्या बाबतीत देशाला आपल्या पायावर उभं राहायचं असेल, तर इथेनॉलसाठी रस किती, मळी किती, मका किती आणि दर काय, हे हंगामाची पहिली मोळी टाकण्याआधी जाहीर झालं पाहिजे आणि हंगाम संपेपर्यंत बदलता कामा नये.