शाई आणि पेन्सिल : ४८ सामन्यांचं भाकीत

(पडद्यावर : कोरा कागद. डावीकडे ३० संघांची नावं. एक हात त्यातल्या १६ नावांपुढे खूण करायला निघाला आहे.)

१८ जानेवारी २०१३. उद्यापासून हंगाम सुरू होणार. कॅनडा-अमेरिकेत हॉकीवर जीव असलेली माणसं आज रात्री हाच कागद पुढ्यात घेऊन बसली आहेत. ३० संघांपैकी १६ बाद फेरीत जातील. पूर्वेकडचे ८ आणि पश्चिमेकडचे ८. पण कुठले?

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवं टर्फ येतं. चेंडू घेऊन सुसाट निघालेला खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. ही हॉकी बर्फावरची. पायात स्केट्स असतात आणि चेंडूच्या जागी रबराची काळी, चपटी चकती. तिला पक म्हणतात. एका वेळी प्रत्येक बाजूने सहाच जण खेळतात, त्यातला एक गोलरक्षक. या खेळाची जगातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल, नॅशनल हॉकी लीग.

तेव्हा एरवी तिचा हंगाम ऑक्टोबरात सुरू व्हायचा आणि प्रत्येक संघ ८२ सामने खेळायचा. या वेळी मात्र जानेवारी उजाडला तरी बर्फ रिकामाच होता. कारण टाळेबंदी. संप नव्हे. गिरणगावात वाढलेल्यांना या दोन शब्दांतला फरक सांगावा लागत नाही. खेळाडू खेळायला तयार होते, दारं मालकांनी बंद केली होती. भांडण मिळकतीच्या वाटणीचं होतं. जुन्या करारात खेळाडूंचा वाटा ५७ टक्के होता, मालकांना तो कमी करायचा होता. सप्टेंबरच्या मध्यावर लागलेलं कुलूप ६ जानेवारीच्या पहाटे निघालं, न्यूयॉर्कमध्ये रात्रभर चाललेल्या बोलणीनंतर. वाटा ठरला निम्मा-निम्मा. तोवर ५१० सामने बुडाले होते. उरले प्रत्येकी ४८.

(पडद्यावर : कॅलेंडर. १९ जानेवारी ते २७ एप्रिल. जवळजवळ दिवसाआड एक लाल ठिपका.)

९९ दिवसांत ४८ सामने. सराव शिबिरासाठी जेमतेम आठवडा मिळाला, सराव सामना एकही नाही. काही खेळाडू टाळेबंदीत युरोपात जाऊन खेळत होते. वॉशिंग्टनचा ओवेचकिन मॉस्कोत, सॅन होजेचा थॉर्नटन स्वित्झर्लंडमध्ये. काहींनी कित्येक महिने खरा सामना पाहिलाच नव्हता. शिवाय पूर्वेचे संघ फक्त पूर्वेशी खेळणार, पश्चिमेचे फक्त पश्चिमेशी. म्हणजे प्रत्येक सामना अशा संघाशी, जो तुमच्याच आठ जागांवर डोळा ठेवून आहे.

अशा हंगामाचं भाकीत कसं करायचं?

सगळ्यात सोपी वाट म्हणजे गेल्या वर्षीची यादी उचलायची आणि तीच उतरवून काढायची. डोकं चालवायचंच नाही. हे हसण्यावारी नेऊ नका, मी हिशेब करून पाहिलाय. २०१२ मध्ये बाद फेरीत असलेल्या १६ संघांपैकी ११ संघ २०१३ मध्येही होते. आणि डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या, तर सरासरीने साडेआठ नावं बरोबर आली असती. तेव्हा जो कुणी अभ्यास करून भाकीत करतो, त्याची खरी शर्यत या ११ शी आहे. १२ नावं बरोबर आली तर त्याच्या अभ्यासाने एका नावाची भर घातली. ही भर लहान वाटते, पण एवढ्याचसाठी लोक महिनोन्‌महिने आकडे चिवडत बसतात आणि मला ते मनापासून आवडतं.

(पडद्यावर : टेबलावर एक नाणं. शेजारी वही, तिच्यात छाप्यासाठी एक रेघ, काट्यासाठी एक रेघ.)

घरातलं कुठलंही नाणं घ्या आणि ४८ वेळा उडवा. निम्मे म्हणजे २४ छापे यायला हवेत. पण नेमके २४ क्वचितच येतील. तीनातल्या दोन खेपांना छापे २१ ते २७ च्या दरम्यान पडतील आणि तिसऱ्या खेपेला त्याच्याही बाहेर. आता समजा की हे नाणं म्हणजे अगदी मध्यम ताकदीचा एक संघ आहे. त्यात काही बदललेलं नाही, प्रशिक्षक तोच, खेळाडू तेच. तरीही एका हंगामात तो २७ सामने जिंकून बाद फेरीत दिसेल आणि दुसऱ्या हंगामात २१ जिंकून घरी बसेल. ८२ सामन्यांतही नशीब असतंच, पण तिथे उशिरा का होईना, खऱ्या ताकदीला वर यायला वेळ मिळतो. ४८ मध्ये तो वेळच कापलेला असतो.

वॉशिंग्टनचं उदाहरण बघा. नवे प्रशिक्षक अ‍ॅडम ओट्स यांनी ओवेचकिनला डाव्या बगलेवरून उजवीकडे आणलं. आयुष्यभर डावीकडून खेळलेला माणूस! पहिल्या ११ सामन्यांत संघाला फक्त दोन विजय मिळाले. एवढ्यातच जवळजवळ पाव हंगाम संपला होता. त्या आठवड्यात तुम्ही वॉशिंग्टनचं नाव खोडलं असतं, तर कुणी तुम्हाला बोल लावला नसता. पण ओवेचकिनला उजवी बाजू सापडली. त्याने ४८ सामन्यांत ३२ गोल केले, लीगमधले सर्वाधिक, आणि वॉशिंग्टन पूर्वेतल्या तीन गटांपैकी आपल्या गटात पहिलं आलं. तिकडे सॅन होजेची गोष्ट उलटी. त्यांनी पहिले सातही सामने जिंकले. पॅट्रिक मार्लोने पहिल्या चार सामन्यांत प्रत्येकी दोन गोल मारले. आणि मग लागोपाठ सात सामने संघाला एकही विजय मिळाला नाही. हंगाम संपला तेव्हा वॉशिंग्टनचे गुण होते ५७ आणि सॅन होजेचेही ५७.

मग गुणतक्ता फसवतो तर बघायचं काय? पक कुणाकडे आहे ते बघायचं.

हा मला सगळ्यात नीट उमगलेला धडा आहे. गोल थोडे पडतात, त्यामुळे गोलांचा हिशेब लहरी असतो. पण गोलाच्या दिशेने मारलेले फटके भरपूर असतात. जे लागले, जे चुकले, जे वाटेत अडवले गेले, ते सगळे मोजायचे. आपले किती आणि समोरच्याचे किती. या मोजणीला कॉर्सी म्हणतात. जिम कॉर्सी हे तेव्हाचे बफेलो संघाचे गोलरक्षक-प्रशिक्षक, त्यांचं नाव. आपल्या गोलरक्षकावर किती ताण पडतो याचा हिशेब ते ठेवत, त्यातून हे आलं. २०११-१२ च्या हंगामात मिनेसोटा डिसेंबरच्या मध्यावर लीगमध्ये अव्वल होती, पण पक बहुतेक वेळ समोरच्याकडे असायचा. पुढे ती अशी घसरली की बाद फेरीही हुकली. त्याच हंगामात लॉस एंजेलिसचा संघ गोल करण्यात ३० संघांत २९ वा होता, पण पक सतत त्यांच्या ताब्यात. ते आठव्या क्रमांकाने कसेबसे आत शिरले आणि थेट स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा करंडक, उचलूनच बाहेर आले.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कागदावर दोन लेखण्या वापराव्यात. वरच्या संघांसाठी शाई आणि काठावरच्यांसाठी पेन्सिल. आखूड हंगामात शेंडा फारसा हलत नाही, काठ हलतो. २०१३ मध्ये शेवटच्या चारांत कोण उरलं? पिट्सबर्ग, शिकागो, बोस्टन आणि लॉस एंजेलिस. २००९, २०१०, २०११ आणि २०१२ चे विजेते! चारही कप याच चौघांच्या घरी होते. शिकागोने तर पहिल्या २४ सामन्यांत एकदाही निर्धारित वेळेत हार पत्करली नाही. २१ विजय, आणि तीनदा शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायला एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर फटके मारायच्या फेरीत, पराभव. हॉकीत तसं हरलात तरी एक गुण मिळतो, म्हणजे अर्धा हंगाम शिकागो एकाही सामन्यातून रिकाम्या हाताने परतलं नाही. शेवटी ८ मार्चला त्यांना कोलोरॅडोने ६-२ असं हरवलं. कोलोरॅडोचं नाव लक्षात ठेवा. पश्चिमेत शेवटचा आलेला संघ तो हाच.

शाईतही घोटाळा होतो. फिलाडेल्फियाचं नाव मी त्या रात्री शाईनेच लिहिलं असतं. आदल्या हंगामात १०३ गुण. आणि २०१३ मध्ये बाद फेरीच्या बाहेर. ही गोष्ट मला इतकी चटका लावून जाते, त्याला कारण आहे गोलरक्षक.

(पडद्यावर : मुखवट्यामागचे डोळे. पक येतो, हातमोज्यात बसतो. पुन्हा. पुन्हा.)

जून २०१२ मध्ये फिलाडेल्फियाने आपला दुसऱ्या पसंतीचा गोलरक्षक कोलंबसला देऊन टाकला, नवोदितांच्या निवडीतल्या तीन पाळ्यांच्या बदल्यात. वय २३, नाव सर्गेई बोब्रोव्हस्की. पहिल्या पसंतीचा इल्या ब्रिझगालोव्ह दीर्घ कराराने बांधलेला होता, त्यामुळे तो राहिला. आता आकडे ऐका. त्या ४८ सामन्यांच्या हंगामात ब्रिझगालोव्हने १०० फटक्यांमागे ९० अडवले. बोब्रोव्हस्कीने ९३ हून थोडे अधिक. फरक तीन फटक्यांचा. पण एका सामन्यात गोलावर साधारण ३० फटके येतात. म्हणजे हा फरक झाला सामन्यामागे जवळजवळ एक गोल! आणि एका गोलाने सुटणारे सामने हॉकीत किती असतात, हे रोज बघणाऱ्याला विचारा. बोब्रोव्हस्कीला त्या वर्षी सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक मिळाला. ओटावाचंही तसंच. त्यांचा हुकमी बचावपटू एरिक कार्लसन फेब्रुवारीत जायबंदी झाला, प्रतिस्पर्ध्याच्या स्केटच्या पात्याने टाचेवरची शीर कापली गेली. संघ तरीही बाद फेरीत गेला, कारण जाळ्यापुढे क्रेग अँडरसन १०० पैकी ९४ अडवत उभा होता.

हंगामाआधी हे कुणाला दिसणार? गोलरक्षकाचं एक वर्ष पुढच्या वर्षाबद्दल फार थोडं सांगतं. भाकिताचा कागद फाटतो तो इथेच.

गेल्या वर्षीच्या त्या ११ शिवाय बाद फेरीत नवीन आलेले पाच संघ म्हणजे माँट्रियल, टोरांटो, न्यूयॉर्क आयलंडर्स, अ‍ॅनाहाइम आणि मिनेसोटा. माँट्रियल आदल्या वर्षी पूर्वेत तळाला होतं, या वर्षी आपल्या गटात पहिलं. टोरांटो तर २००४ नंतर प्रथमच बाद फेरीत दिसलं. त्या शहरात नि उपनगरांत मराठी घरं बरीच आहेत, ज्यांची मुलं निळी जर्सी घालूनच मोठी झाली, त्यांना १३ मे २०१३ ची रात्र सांगायला नको. बोस्टनविरुद्ध सातवा, निर्णायक सामना. शेवटच्या सत्रात ४-१ अशी आघाडी. मग एक गोल फिटला, आणि शेवटच्या दीड मिनिटात आणखी दोन. जादा वेळेत बोस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन. संपलं. टोरांटोच्या मैदानाबाहेर मोठ्या पडद्यापुढे जमलेली गर्दी जागच्या जागी गप्प झाली. पक बहुतेक समोरच्याकडे असूनही जिंकत आलेला संघ होता तो. पुढच्या वर्षी बाद फेरी पुन्हा हुकली.

आणि कोलंबस?

आदल्या हंगामात ३० संघांत तिसावा. वरून उन्हाळ्यात त्यांचा कर्णधार रिक नॅश न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेलेला. जानेवारीत हे नाव पेन्सिलनेही कुणी लिहिलं नसेल, मीही लिहिलं नसतं. फेब्रुवारी संपत आला तरी संघ तळातच होता. मग जाळ्यासमोर बोब्रोव्हस्कीने दार लावून घेतलं आणि सामने फिरू लागले. एप्रिल आला तेव्हा कोलंबस काठावर उभं होतं.

(पडद्यावर : २७ एप्रिल २०१३. गुणतक्त्याचा पश्चिमेकडचा तळ. डेट्रॉईट ५४, मिनेसोटा ५३, कोलंबस ५३.)

शेवटचा दिवस. तीन संघ आणि दोन जागा. कोलंबसने घरच्या बर्फावर नॅशव्हिलला ३-१ हरवलं. ५५ गुण झाले. त्यांचे ४८ सामने संपले, आता बघत बसण्याखेरीज हातात काही नव्हतं. डेट्रॉईटने डॅलसला ३-० हरवलं आणि एक जागा गेली. उरली एक. मिनेसोटा जिंकली तर तिचेही ५५ होतील, आणि गुणांची बरोबरी झाल्यास तेव्हा शूटआउटमधले विजय वगळून उरलेले मोजत. आपल्याकडे आयपीएलमध्ये नेट रनरेट काढतात, तसंच. त्या मोजणीत मिनेसोटा पुढे होती. म्हणजे कोलंबसला आत जायचं, तर मिनेसोटा हरायला हवी होती.

मिनेसोटाचा सामना होता डेन्व्हरमध्ये, कोलोरॅडोशी. शिकागोची २४ सामन्यांची घोडदौड अडवणारं तेच तळाचं कोलोरॅडो.

मिनेसोटा ३, कोलोरॅडो १.

(पडद्यावर : तक्त्याच्या दोन ओळी. आठवी, मिनेसोटा, ५५. नववी, कोलंबस, ५५.)