हलगी कितीही मोठी केली तर आवाज किती खाली जाईल?

(हातात हलगी, एक थाप)

ही हलगी. वाजवण्याआधी ती शेकतात, पाहिलं असेल तुम्ही. थोडे कागद पेटवायचे, कातडं धगीवर धरायचं, ताण आला की आवाज चढतो. आज आपण ताण सगळीकडे एकच धरू आणि कातडंही एकसारखं. मग आवाज ठरवायला उरतो फक्त आकार. त्या आकारातून एक आकडा निघतो, पहिली आयगेनव्हॅल्यू. हा आकडा चौपट झाला की आवाज बरोबर एक सप्तक वर जातो.

आकडा काढायचा कसा? कातडं काठाला बांधलेलं आहे, मधे ते हवं तसं फुगवा. प्रत्येक बिंदूशी चढ किती ते मोजा, त्याचा वर्ग करा, सगळ्या कातड्यावर बेरीज करा. मग उंचीच्या वर्गाची तशीच बेरीज करा. पहिलीला दुसरीनं भागा. फुगवण्याच्या सगळ्या तऱ्हांमध्ये जो सर्वांत लहान भागाकार येतो, तोच आपला आकडा.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी 1877 मध्ये अंदाज बांधला होता की तेवढ्याच क्षेत्रफळात सर्वांत खर्जाचा आवाज गोल वाद्याचा. क्षेत्रफळ 1 घेतलं तर वर्तुळाला 18.17 येतात, चौरसाला 19.74. म्हणजे चौकोनी हलगी जेमतेम चार टक्के वर बोलेल. याची सिद्धता यायला 1923 उजाडलं, फाबर यांची, आणि 1925 मध्ये स्वतंत्रपणे क्राह्न यांची. अंदाज करणं सोपं असतं हो.

आता त्या भागाकारात एक खोडी काढू. वर्गाऐवजी पी-घात घ्या, वरही आणि खालीही. पी म्हणजे 1 पेक्षा मोठी कुठलीही संख्या. यातून जो कारक, म्हणजे आपलं समीकरण बनवणारी क्रिया, मिळतो त्याला पी-लाप्लासियन म्हणतात. हा नुसता गणितज्ञांचा चाळा नाही. हिमनदीतला बर्फ स्वतःच्या वजनानं वाहतो, त्याच्या सोप्या प्रतिमानात हाच कारक येतो, पी असतो 4/3.

पण पी बदलला की एक मोठा आधार जातो. पी 4 घ्या. समीकरणात घात एकानं उतरतो, म्हणून आता चढाचा परिणाम त्याच्या घनासारखा वाढतो. एक चढ 1, दुसरा 1, दोघांचे परिणाम मिळून 2. पण दोन्ही चढ आधी एकत्र केले तर चढ 2 आणि परिणाम 8! दोन उत्तरांची बेरीज आता उत्तर राहत नाही. एकच गोष्ट टिकते: एखादं उत्तर दुप्पट केलं तर तेही उत्तरच असतं. म्हणून तर आयगेनव्हॅल्यू हा शब्द इथे वापरता येतो.

आता कातडं वक्र पृष्ठावर नेऊ. खरं कातडं असं ताणलं जाणार नाही, हे सगळं कागदावर. 1 त्रिज्येच्या गोलाचा अर्धा भाग घ्या, काठ विषुववृत्तावर. पी 2 ला आकडा येतो नेमका 2. मध्यापासून काठापर्यंत तेवढंच अंतर असलेल्या सपाट वर्तुळाला येतो 2.34. का बरं? काठाची लांबी पाहा. सपाट वर्तुळाचा काठ 9.87, अर्धगोलाचा 6.28. काठ म्हणजे पकड. पकड आखूड, आवाज खाली.

मग उलटं केलं तर?

(क्रोशाचा विणलेला तुकडा कॅमेऱ्याजवळ)

हे बघा. प्रत्येक फेरीत टाके वाढवत गेलं की कडेला अशी झालर पडते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना टाइमिना यांनी 1997 मध्ये क्रोशानं हायपरबोलिक प्रतल असंच विणलं. वक्रता उणे 1 असलेल्या या प्रतलात 10 त्रिज्येचं वर्तुळ काढा. परीघ येतो सुमारे 69,198 आणि क्षेत्रफळ सुमारे 69,192. सपाट कागदावर हेच आकडे 62.8 आणि 314! इथे काठ क्षेत्रफळापेक्षा मोठा, आणि त्रिज्या कितीही घ्या, मोठाच. पकड सुटतच नाही.

सपाट हलगी वाढवत नेली की आकडा शून्याकडे घसरतो. इथे मात्र पी 2 ला तो 1/4 च्या खाली जात नाही, आकार कुठलाही असो. हे 1970 मध्ये मॅककीन यांनी दाखवलं. मला यातली सिद्धता फार आवडते, कारण ती पी ला घाबरत नाही.

एक बिंदू धरा आणि त्याच्यापासून बाहेरच्या दिशेनं, सगळीकडे 1 लांबीचे बाण काढा. या प्रतलात बाण फाकण्याचा दर कुठेही 1 पेक्षा कमी नसतो. म्हणून उंचीचा पी-घात या दरानं गुणून बेरीज केली, तर ती उंचीच्या पी-घाताच्या नुसत्या बेरजेपेक्षा कमी येणार नाही. आता काठावर उंची शून्य आहे, त्यामुळे विकलन, म्हणजे बदलाचा दर काढणं, बाणांवरून उचलून उंचीवर टाकता येतं. तिथे पी हा गुणक बाहेर पडतो, आणि मागे उरतं चढ गुणिले उंचीचा पी वजा 1 घात. होल्डरची असमानता (गुणाकारांच्या बेरजेला वरून मर्यादा घालणारा नियम) लावून हे दोन वेगळे करा, काटाकाट करा. भागाकार निदान 1/पी चा पी-घात! पी 2 ला 1/4, पी 3 ला 1/27, पी 4 ला 1/256. उत्तरांची बेरीज करायची वेळ एकदाही आली नाही, आणि समीकरण तर आपण सोडवलंच नाही.

काठ बांधलेला नसून मोकळा असेल, तर खेळ वेगळा. तिथे शून्यानंतरची पहिली आयगेनव्हॅल्यू पाहतात. काठ बहिर्वक्र आणि रिची वक्रता (पृष्ठ किती वळलंय याचं एक माप) ऋण नसेल, तर दोन बिंदूंमधल्या सर्वांत मोठ्या अंतरावरून खालची मर्यादा मिळते. 2012 मध्ये वाल्तोर्ता यांनी ती कुठल्याही पी साठी नेमकी काढली. त्यात π या संख्येऐवजी पी प्रमाणे बदलणारा आकडा येतो: पी 2 ला आपला 3.14, पी 3 ला 2.42, आणि पी वाढत गेला की तो 2 कडे सरकतो.

हे सगळं झालं पहिल्या स्वराचं.

(पुन्हा एक थाप)

या थापेत वरचेही स्वर आहेत. पी 2 असेल तर ते ओळीनं सगळे मांडता येतात. पी दुसरा कुठलाही घेतला, तर एका ठरावीक पद्धतीनं एक यादी बनते खरी, पण साध्या सपाट गोल हलगीवरसुद्धा ती यादी पूर्ण आहे की मधे एखादा स्वर निसटलाय, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.