दारा-चौकटीचा रंग: आधी जुनी चमक मारा

नमस्कार मंडळी. दिवाळी जवळ आली की नागपुरात घरोघरी रंगकाम निघते आणि तुमचा तोच प्रश्न येतो: दारे, चौकटी आणि खिडक्यांना ऑइल पेंट लावावा की पाण्याचा (म्हणजे पाण्यात मिसळणारा) इनॅमल? भिंतीचा इमल्शन लाकडावर टिकत नाही, आणि कोऱ्या लाकडाला आधी वूड प्रायमर, मग लांबी (भेगा-खड्डे भरायची पुट्टी), मग रंगाचे दोन हात, हे आपण जाणताच.

माझा कौल पाण्याच्या इनॅमलला आहे. ऑइल पेंट स्वस्त पडतो आणि ब्रशाच्या रेघा छान मिटवतो. पण पांढरा ऑइल पेंट कमी उजेडात पिवळा पडतो. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात माजघराची चौकट बघता बघता तुपाच्या रंगाची झाली होती.

मात्र त्याच चौकटीवर रंगाऱ्याने पाण्याचा इनॅमल थेट चढवला आणि पावसाळ्यात दार फुगून घासू लागताच हातभर पापुद्रा सुटून आला. डबा चांगला होता. खालची चमक तशीच राहिली होती. जुना थर कोणता, हे आधी ओळखा: कापसाला स्पिरिट लावून घासा, रंग कापसावर उतरला तर तो बहुधा पाण्याचा, नाही उतरला तर ऑइलचा. ऑइलचा असेल, तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने तो पूर्ण निस्तेज होईपर्यंत घासा.

एका ताईंनी विचारले आहे, की प्रायमर लावणारच असू तर घासायचे कशाला? ताई, गुळगुळीत थरावर प्रायमरलाही पकड मिळत नाही. तो सुटला की वरचा रंगही त्याच्यासोबत येतो. घासून झाल्यावर दाराकडे तिरप्या उजेडात पाहा आणि जिथे चकाकी दिसेल तिथे पुन्हा घासा.

घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते, म्हणून ते कोरडे घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

शेवटचा हात हाताला सुकलेला वाटला, तरी रंग पुरता घट्ट व्हायला काही आठवडे लागतात. तोवर दार चौकटीत दाबून बसवू नका, नाहीतर ते चिकटेल आणि उघडताना कडेचा रंग उचलून नेईल.